आंबोलीच्या पावसात महिनाभर बेडूक मोजायला जाणाऱ्यांसाठी

प्रश्न असा आहे: प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीची आंबोली-तिलारी पट्ट्यातल्या बेडकांच्या सर्वेक्षणासाठी स्वयंसेवक म्हणून निवड झाली आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून एक महिना. काम नेमकं काय असतं, सामान काय घ्यावं, धोका किती, आणि प्रकल्पवाले राहण्या-जेवणाचे पैसे मागतात ते रास्त आहे का, एवढं तिला विचारायचं आहे.

पैशांचं आधी उरकू. मुक्कामाचा आणि मेसचा खर्च वाटून घेण्यात वावगं काही नाही. पेरू, बोर्निओ, कोस्टा रिका इथल्या वर्षावनांतही बऱ्याच संशोधन केंद्रांवर स्वयंसेवक दिवसाच्या हिशेबाने पैसे भरूनच राहतात. पण पैसे देण्याआधी रक्कम कशाकशाची आहे ते लेखी मागा, अपघात विमा कोण काढणार ते विचारा, आणि परवानगीचं पत्र डोळ्यांनी बघा. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचं तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली परवानगी लागते. अनुसूचीतला प्राणी पकडायचा असेल तर कलम १२ खाली वेगळी लागते. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलासाठीही वनखात्याचं पत्र हवंच. त्या पत्रात तुमचं नाव आहे का, की ‘आणि सहकारी’ एवढ्यावर भागवलं आहे? रात्री अकरा वाजता नाक्यावर वनरक्षकाने अडवलं की हा फरक कळतो. जाहिरातीत ‘प्राणी हाताळण्याची संधी’ असे शब्द असतील तर तिथे न गेलेलंच बरं. चांगल्या प्रकल्पात पहिला महिना तुम्हाला कुठल्याच प्राण्याला बोट लावू देत नाहीत.

आता काम. बेडकांचा हंगाम म्हणजे रात्रपाळी. साधारण सात ते साडेदहा जंगलात, परत येऊन सामान धुणं-वाळवणं, झोपायला साडेबारा. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाची नोंद, मग नाश्ता, आदल्या रात्रीचे कागद संगणकात भरणं, फोटोंना नावं देणं, दुपारी झोप. म्हणजे दिवसातले साडेतीन तास जंगल आणि चार-पाच तास कारकुनी. बहुतेक नवखे या कारकुनीत ढिले पडतात, आणि प्रकल्पाचं खरं नुकसान तिथेच होतं.

जंगलातली पद्धत बहुधा अशी असते. व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाने किंवा सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) १०० मीटरची रेघ आखलेली, दर १० मीटरला झाडाला फीत बांधलेली. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरपर्यंत बघायचं, उंची जमिनीपासून हात पोहोचेल तिथपर्यंत. तिघांची तुकडी: एक डावीकडे, एक उजवीकडे, तिसरा मधे आणि त्याचं काम फक्त लिहिणं. लिहिणाऱ्याने शोधायचं नाही. त्याला बेडूक दिसला तरी तो ‘लेखकाला दिसला’ अशी वेगळी खूण करून लिहायचा, कारण रोज लिहिणारा बदलतो आणि त्याची नजर कधी तीक्ष्ण असते, कधी नसते. १०० मीटरला ३० ते ४० मिनिटं लागायला हवीत. पंधरा मिनिटांत संपलं तर तुम्ही नुसते चालून आलात. दीड तास लागला तर मधे कुणीतरी फोटो काढत बसलं होतं.

प्रत्येक बेडकामागे एक ओळ. वेळ, कितव्या मीटरला, जात, दिसला की नुसता ऐकला, कशावर बसला होता (पान, खोड, दगड, पालापाचोळा, पाणी), जमिनीपासून किती सेंटीमीटर, पाण्यापासून किती, काय करत होता, फोटो क्रमांक. उंची अंदाजाने लिहिली की सगळे बेडूक ५० आणि १०० सेंटीमीटरवर बसायला लागतात. माणसाचा मेंदू गोल आकड्यांकडे धावतो. त्यासाठी एक मीटरची काठी घ्या, दर १० सेंटीमीटरला रंगीत टेप लावा आणि दर वेळी ती शेजारी उभी धरून बघा. जीपीएसचा ठिकाणा मात्र प्रत्येक बेडकासाठी घेत बसू नका. दाट झाडीखाली त्याची चूक दहा-पंधरा मीटरपर्यंत सहज जाते, म्हणजे तुमच्या चार मीटर रुंद पट्ट्याच्या बाहेर. रेघेची दोन टोकं नीट थांबून, आकडा स्थिर झाल्यावर नोंदवा. मधलं सगळं फितींवरून.

जात ओळखता आली नाही तर अंदाज लिहू नका. झुडपी बेडकांच्या जातींमध्ये फरक इतके बारीक असतात की मुरलेले लोकही आवाजाशिवाय बोलत नाहीत. ‘झुडपी बेडूक, ओळख नाही’ एवढं लिहा आणि फोटो घ्या: वरून, बाजूने डोळा आणि कानाचा पडदा दिसेल असा, आणि बोटांमधला पडदा व टोकाच्या चकत्या दिसतील असा. तिसरा फोटो सगळे विसरतात आणि ओळख नेमकी त्याच्यावर अडते.

आता शून्याची गोष्ट, कारण सगळ्यात महाग चूक इथेच होते. समजा एका व्हाळावर तुम्ही पाच रात्री गेलात आणि मलबारचा उडता बेडूक फक्त दुसऱ्या आणि पाचव्या रात्री दिसला. नोंद व्हायला हवी ०, १, ०, ०, १. उरलेल्या तीन रात्रींचे कागद ‘काही मिळालं नाही’ म्हणून भरलेच नाहीत, तर हाती राहतं १, १. पहिल्या नोंदीवरून ढोबळ हिशेब निघतो की बेडूक तिथे असला तरी एका रात्रीत दिसण्याची शक्यता ४० टक्के. दुसऱ्या नोंदीवरून ती १०० टक्के. आता शेजारच्या व्हाळावर दोन रात्री गेलात आणि काही दिसलं नाही. पहिल्या हिशेबाने तो तिथे असूनही दोन्ही रात्री हुकण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ३६ टक्के. दुसऱ्या हिशेबाने शून्य, म्हणजे तिथे तो नाहीच असं ठरलं. तीन कोरे कागद न भरल्यामुळे एका व्हाळातला बेडूक नकाशावरून पुसला गेला. म्हणून पाऊस नसलेल्या, कंटाळवाण्या, रिकाम्या रात्रीचा कागदही तारीख, सुरू-बंद वेळ, हवामान आणि माणसांची नावं घालून पूर्ण भरायचा आणि शेवटी आडवी रेघ न मारता ० लिहायचं. आडव्या रेघेचा अर्थ नंतर कुणालाच आठवत नाही.

आवाजाच्या नोंदीचंही तसंच. रेघेच्या सुरुवातीला आणि शेवटाला दिवे बंद करून तीन मिनिटं उभं राहायचं आणि प्रत्येक जातीला ० ते ३ अंक द्यायचा: ० म्हणजे आवाज नाही, १ म्हणजे एकेक बेडूक मोजता येतो, २ म्हणजे आवाज एकमेकांत मिसळतात पण वेगळे काढता येतात, ३ म्हणजे नुसता गोंगाट. पहिलं मिनिट मोजू नका, तुमच्या पावलांनी गप्प झालेले बेडूक पुन्हा ओरडायला तेवढा वेळ घेतात. झुडपातला एकटा बेडूक शोधायचा असेल तर दोघांनी चार-पाच मीटर अंतरावर उभं राहून आपापल्या कानाला जिथून आवाज येतो तिकडे टॉर्च रोखायचा. दोन झोत जिथे छेदतात तिथे बघायचं. एकट्याने शोधायला गेलात तर अर्धा तास त्याच झुडपाभोवती फिराल.

पर्जन्यमापक सकाळी साडेआठलाच का? भारतीय हवामान खातं त्याच वेळेला मागच्या २४ तासांचा पाऊस मोजतं, आणि तुमचे आकडे त्यांच्याशी ताडता यायला हवेत. आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा बाजारातलं छोटं प्लास्टिकचं मापक एका रात्रीत भरून वाहतं. जोराच्या दिवसांत संध्याकाळी निघण्यापूर्वी एकदा वाचून रिकामं करा आणि दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा. सकाळी काठोकाठ भरलेलं दिसलं तर ‘१०० पेक्षा जास्त, ओसंडलं’ असं लिहा, नुसतं १०० नको. तापमान-आर्द्रतेचं यंत्र हातात धरून वाचू नका. अंगाची ऊब आणि हेडलॅम्पची धग दोन्ही त्यात उतरतात. फांदीला टांगून तीन मिनिटांनी वाचा.

पायांनी रोग पसरवण्याबद्दल. बॅट्राकोकायट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस नावाची बुरशी, बोलताना नुसतं कायट्रिड, बेडकाच्या कातडीवर वाढते. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार घेतो, ते बिघडलं की तो मरतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात या रोगाशी जोडलेली घट ५०१ उभयचर जातींत दिसली होती, त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचं मानलं गेलं. पश्चिम घाटातही ही बुरशी सापडली आहे. एका व्हाळातून दुसऱ्यात ती तुमच्या गमबुटाच्या चिखलाबरोबर जाऊ शकते. म्हणून दोन व्हाळांच्या मधे बूट आणि काठी आधी ब्रशने घासून चिखल काढायचा, मग एक टक्का ब्लीचच्या पाण्यात निदान एक मिनिट बुडवायचे, मग साध्या पाण्याने धुवायचे. दुकानातलं ब्लीच ४ टक्क्यांचं असेल तर एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी. चिखल न काढता बुडवलेत तर क्लोरीन चिखलावरच खर्ची पडतं आणि बुरशी आत सुखरूप राहते. हे पाणी रोज ताजं करायचं आणि उरलेलं व्हाळापासून लांब, रस्त्याकडेला ओतायचं. रात्री सगळं कडकडीत वाळलं तर बुरशी मरतेच, पण जूनमध्ये आंबोलीत काही वाळतं या भरवशावर राहू नका.

बेडकाची कातडी अशी सगळं शोषून घेते, म्हणून अंगाला डासांचं मलम चोपडून बेडकांजवळ जायचं नाही. त्यातलं डीट नावाचं रसायन प्लास्टिकसुद्धा विरघळवतं, बेडकाच्या कातडीचं काय होईल ते सांगायला नको. बाह्या आणि मोजे पूर्ण घाला, तेवढं पुरतं.

सामानात पैसे घालायचे तर पहिले पायांवर घाला. गमबूट गुडघ्याखालपर्यंतचे, नेहमीपेक्षा एक नंबर मोठे, आत जाड मोजे. खोल पाण्यात शिरलात तर वरून पाणी भरतं आणि पाय दगडासारखा होतो, तेव्हा घोट्याच्या वर पाणी दिसलं की आधी काठीने खोली बघा. शेवाळलेल्या जांभ्यावर कुठलाही सोल घसरतो. चालताना पाऊल सपाट टाका, टाच आधी नको. मोज्यांचे सहा जोड न्या, त्यांतला एक फक्त झोपताना घालायचा, तो जंगलात कधीच न्यायचा नाही. रोज रात्री पाय पुसून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून पावडर लावली नाही तर आठवड्यात कातडी पांढरी पडून सोलते आणि मग दहा दिवस तुम्ही संगणकापुढेच.

रेनकोटची टोपी डोक्यावर घेतली की पावसाची टपटप सोडून काही ऐकू येत नाही. म्हणून काठाची हॅट आणि टोपी नसलेला रेनकोट. लिहिणाऱ्यावर आणखी कुणी छत्री धरली तर सोन्याहून पिवळं. हेडलॅम्प २०० ते ३०० ल्युमेनचा, शिवाय खिशात दुसरा. दिवा कपाळावर, डोळ्यांच्या रेषेत हवा, हातात कमरेशी धरलेल्या टॉर्चने प्राण्यांच्या डोळ्यांची चमक परत तुमच्या डोळ्यांकडे येत नाही. पेन्सिली तीन, एक पाटीला दोरीने बांधलेली. जेल पेनने लिहिलेला कागद सकाळी निळा डाग असतो. घाटात पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते, तेव्हा २०,००० एमएएचची पॉवर बँक न्या.

कॅमेरा आणि फोन वाळवायला तांदळाचा डबा काही कामाचा नाही. एका झाकणाच्या पेटीत २५ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवतात, रात्रभर त्यात लेन्स ठेवली की बुरशी धरत नाही. सिलिका जेल निळं असतं, पाणी प्यायलं की गुलाबी होतं. लोखंडी तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळं होईपर्यंत परता, पण तो तवा नंतर भाकरीला वापरायचा नाही, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतो.

धोक्यांमध्ये सगळे जळवांना घाबरतात, आणि जळू ही त्यातली सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट. दाट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे पँटवरून घाला. चिकटलीच तर मीठ, तंबाखू, काडेपेटी काही नको. निमुळत्या टोकाखाली नख सरकवून ते सोडवा, मग जाड टोक, आणि टिचकी मारा. रक्त बराच वेळ वाहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. कापूस दाबून धरा. तंबाखूच्या पाण्यात भिजवलेले मोजे घालणारे लोक भेटतील, ते पाणी व्हाळात उतरतं म्हणून तुम्ही घालू नका.

साप मात्र मनावर घ्या. सड्यावर दगडांच्या फटीत फुरसं, व्हाळाकाठच्या फांदीवर कमरेच्या उंचीला मलबारी चापडा. हा चापडा दिवे पडले तरी हलत नाही, पानांच्या रंगात मिसळून बसतो. नियम एकच: जिथे दिवा पडला नाही तिथे हात किंवा पाय पडायचा नाही. तोल गेला तरी फांदी पकडायची नाही, बसून घ्यायचं. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, चापड्यांच्या विषावर ते चालत नाही. तरीही दंश झाला तर दवाखानाच. १०८ ला फोन, अवयव न हलवता बांधलेला, आवळपट्टी नाही, कापणं-चोखणं नाही. जवळच्या कुठल्या रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे आणि रस्त्याने किती मिनिटं लागतात, हे पहिल्या दिवशी विचारून पाटीच्या मागे लिहून ठेवा. दगड उलटायचा झाला तर पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे दगड ढालीसारखा मधे राहतो आणि आतला प्राणी समोर पळतो. मग तो होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. खाली गांडुळासारखं वळ्यावळ्यांचं काही दिसलं आणि त्याला जबड्याचं तोंड असेल तर ते देवगांडूळ, बेडकांचं चुलत भावंड. आंबोलीतून २००३ साली त्यांची एक नवी जात जगापुढे आली, गेगेनिओफिस डॅनिएली. सापाचं पिल्लू म्हणून लोक त्यांना ठेचतात.

सड्यावर पाऊल टाकताना खाली बघत चला. पहिल्या पावसांनंतर आंबोली टोड हा बेडकाचाच एक प्रकार खडकावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. हा टोड अतिसंकटग्रस्त गणला जातो आणि एका बुटाखाली एका मादीने घातलेली सगळी अंडी चिरडू शकतात. दिवा लावूनही घाई केली तर हेच होतं.

गवा समोर आला तर दिवा त्याच्या डोळ्यांत मारत राहू नका, बोलणं थांबवा, आल्या वाटेने मागे सरा. तिलारीकडे हत्तीही आहेत. तिथे स्थानिक वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला की त्या रात्रीचा कागद कोरा राहिला तरी चालेल. कारण न विचारता परत फिरायचं आणि ‘सर्वेक्षण झालं नाही’ अशी नोंद करायची. हे शून्यापेक्षा वेगळं, दोन्हीची गल्लत करू नका. हा वाटाड्या पगारी माणूस आहे आणि बेडूक तुमच्याआधी त्याला दिसणार आहे. त्याचं नाव निरीक्षकांच्या रकान्यात तुमच्या नावाशेजारी लिहा.

पहिल्या पावसात शेतात, विशेषतः गोव्याच्या बाजूला, पोतं घेऊन मोठे बेडूक धरणारी माणसं दिसतील. ते बेकायदा आहे. तरी रात्री तुम्ही जाऊन वाद घालायचा नाही. वेळ आणि जागा प्रमुखाला सांगा, पुढे काय ते वनखातं बघेल. स्वतःच्या फोनमधलं फोटोंचं लोकेशन बंद करा. चापड्याचा किंवा टोडचा फोटो ठिकाणासकट टाकला की पुढच्या शनिवारी तिथे वीस कॅमेरे आणि फांद्या वाकवणारे हात येतात.

शोधनिबंधात नाव येईल का, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवा. महिनाभराच्या कामाला बहुधा आभारांत जागा मिळते, आणि ते रास्त आहे. माहितीची प्रत स्वतःकडे ठेवता येईल का, तेही तेव्हाच. निघायच्या आदल्या दिवशी सगळे मूळ कागद क्रमाने लावून, प्रत्येकाचा फोटो काढून, गहाळ क्रमांकांची यादी वर टाचून द्या.

घरी परतल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून गोळी घेऊन पडू नका. सिंधुदुर्ग आणि गोव्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस असतो, तो पायांवरच्या बारीक जखमांतून शिरतो. चिगर माइट नावाच्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफसही होतो. त्यात कधी कधी काळी खपली धरते, तीही कमरपट्ट्याखाली किंवा काखेत, जिथे कुणी बघत नाही. डॉक्टरांना आपणहून सांगा की महिनाभर आंबोलीच्या जंगलात, पाण्यात होते. सर्वेक्षण पुढे डिसेंबर ते मेमध्येही चालणार असेल आणि तुम्ही परत जाणार असाल, तर त्या काळात दोडामार्ग-सत्तरी भागात गोचिडींतून माकडतापाचा धोका असतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य खात्याला आणि वनखात्याला कळवायचं, आणि घरी आल्या आल्या गरम पाण्याने अंघोळ करून कपडे वेगळे धुवायचे.